फुंक थांबली तरी नळी थांबत नाही: टर्कीच्या लोकेटर कॉलचा संच, एका हंगामानंतर

रानटी टर्की पक्ष्याच्या शिकारीत तो कुठे आहे हे शोधायला तोंडाने फुंकून प्राण्या-पक्ष्यांचे आवाज काढतात, त्या साधनांना लोकेटर कॉल म्हणतात. फेब्रुवारीत घेतलेला असा तीन नगांचा संच ऑगस्टपर्यंत भरपूर वापरून झाला. घुबडाची नळी, कावळ्याचा कॉल आणि मोराचा कॉल. तिन्ही मिळून पन्नास डॉलरला थोडे कमी पडले. नळी कशाची, रीड (फुंकल्यावर आत थरथरून आवाज काढणारी पातळ पट्टी) कशाची, आवाज किती लांब जातो हे सगळं विक्रीच्या पानावर आहे, ते पुन्हा लिहीत नाही. मला लिहायचं आहे ते त्या पानावर नव्हतं, आणि मी वाचलेल्या एकाही अभिप्रायात नव्हतं: हा आवाज संपतो कसा.

लोकेटर कॉल टर्कीला बोलावण्यासाठी नसतो, ती कुठे आहे हे कळण्यासाठी असतो. वसंतात दिवस मोठा होत जातो तसा नर इतका माजावर येतो की अचानक मोठा आवाज कानावर पडला की त्याच्या तोंडून गॉबल, म्हणजे नराची ती खास आरोळी, निघतोच. घुबड, कावळा, ढगांचा गडगडाट, मोटारीचं आपटलेलं दार, काहीही चालतं. याला इथे अमेरिकेत शिकारी शॉक गॉबल म्हणतात. मादीचा आवाज काढून शोधायला गेलात तर नर थेट चालत येऊ शकतो, आणि तुम्ही अजून पायवाटेवर उभे. घुबडाला तो नुसतं उत्तर देतो आणि जागा सोडत नाही. त्यावरून दिशा आणि अंतर ओळखायचं, आवाज न करता शंभर-दीडशे यार्डांपर्यंत पोचायचं, खांद्यांपेक्षा रुंद झाडाला पाठ लावून बसायचं, आणि मग मादीचा हलका आवाज सुरू करायचा.

आता यातली मेख बघा. गॉबल जेमतेम सेकंदाचा. आणि नर तुमची हाक पूर्ण होण्याची वाट बघत नाही, तो मध्येच किंवा हाकेच्या शेपटावरच ओरडतो. तुमचा आवाज जितका रेंगाळेल तितका त्याचा आवाज झाकला जाईल. म्हणून अनुभवी शिकारी कावळा काढतात तो दोन-तीन तुटक 'काव', बस्स. कॉल किती जोरात वाजतो यापेक्षा तो किती स्वच्छ थांबतो हे मला महत्त्वाचं वाटतं, आणि तारे मी त्यावरच देणार आहे.

पहिले दोन महिने मी या संचावर बेहद्द खूश होते. माझा आवाज वरच्या पट्टीतला. शेजारचे आजोबा दोन्ही हातांची ओंजळ तोंडापाशी धरून नुसत्या गळ्याने बार्ड आऊल या घुबडाची हाक काढतात, ते मला काही केल्या साधत नाही, म्हणून नळी घेतली. मागच्या अंगणात सराव सुरू केला. आठ सुरांची हाक, शेवटचा सूर वरून खाली घसरत येतो. मार्चमधल्या एका संध्याकाळी ओढ्याकाठच्या सिकमोरच्या झाडावरून खऱ्या घुबडाने उत्तर दिलं, मग दुसरं आलं, आणि दोघांनी मिळून माकडांसारखा जो कलकलाट केला तो थांबेना. तेव्हा हा अभिप्राय लिहिला असता तर डोळे मिटून पाच तारे दिले असते.

मग एप्रिलचा तिसरा सोमवार आला. आमच्या मिझुरी राज्यात वसंताचा टर्कीच्या शिकारीचा हंगाम त्या दिवशी सुरू होतो, तीन आठवड्यांचा. आम्ही दोघं मार्क ट्वेन नॅशनल फॉरेस्टमध्ये, राज्याच्या दक्षिण भागात, ओझार्कच्या डोंगरधारांवर. ही सरकारी जमीन, त्यामुळे दुपारी एकला शिकार बंद. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून एकपर्यंत जे काय करायचं ते करा.

आमची पद्धत सांगते, कारण दोष तिच्यामुळेच सापडला. मी धारेवर उभी राहून फुंकते आणि नवरा तीस-चाळीस पावलं दूर, माझ्याकडे पाठ करून उभा राहतो. फुंकणाऱ्याच्या कानात स्वतःचाच आवाज भरलेला असतो, दूर उभ्या माणसाला गॉबल लवकर कळतो. पहिल्या पहाटे दोन-तीनदा फुंकून झाल्यावर तो माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "अगं, तू थांबतेस पण तुझी नळी थांबत नाही."

नळी कानाजवळ धरून पुन्हा फुंकली तेव्हा कळलं. अंगणात कोरड्या रीडवर शेवटचा सूर छान घसरून बंद व्हायचा. थंड पहाटे श्वासातली वाफ आत धरते, रीड ओली होते, बैठकीला चिकटते आणि धड सुटत नाही. फुंक संपल्यावर नळीत उरलेल्या हवेवर ती झणझणत राहते, तंबोऱ्याच्या जवारीसारखी. तंबोऱ्याला ती लागते, घुबडाला नाही. वेळ फार नाही, सेकंदभर. पण गॉबलही सेकंदाचाच असतो, आणि नेमका तिथेच येतो.

त्याच सकाळी आम्ही एक नर गमावला. मी फुंकलं, शेपूट झणझणलं, आणि त्याखाली 'ऑबल' असा अर्धा आवाज नवऱ्याला ऐकू आला. पण धारेच्या अलीकडचा की पलीकडच्या घळीतला, हे त्याला सांगता येईना. इथे त्या घळींना हॉलो म्हणतात, आणि आवाज एकदा हॉलोत शिरला की कुठून आला ते ओळखणं महाकठीण. पुन्हा फुंकलं. उत्तर नाही. उजाडल्यावर पलीकडच्या धारेवरून बार ऐकू आला. तो आमचाच पक्षी होता असं म्हणत नाही, पण आम्ही चुकीच्या उतारावर बसलो होतो एवढं नक्की.

सरकारी जंगलात एका गॉबलची किंमत काय असते हे तिथे गेलेल्यालाच कळेल. प्रत्येक फाटकापाशी गाडी उभी असते, प्रत्येक धारेवर कोणी ना कोणी घुबड झालेला असतो, आणि पहिल्या आठवड्यानंतर नर शहाणे होऊन गप्प बसतात. या राज्यात १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला अडीच हजारांहूनही कमी टर्की उरल्या होत्या. जाळ्यात पकडून, दुसऱ्या जंगलांत नेऊन सोडून त्या वाढवल्या, आणि १९६० साली पहिला आधुनिक वासंतिक हंगाम झाला तेव्हा १४ काउंटींत (काउंटी म्हणजे इथला जिल्हा) मिळून ९४ पक्षी मारले गेले. शेजारचे आजोबा सांगतात की त्यांच्या वडिलांनी तरुणपणी गॉबल ऐकलाच नव्हता. इतक्या खटपटीने परत आलेला आवाज एका बेकार रीडखाली दबून जावा, याचा मला खरोखर संताप येतो.

कंपनीला लिहिलं. फोनवर दोन ध्वनिमुद्रणं केली, कोरडी रीड आणि ओली रीड, दोन्ही पाठवली. शेपूट कोणालाही ऐकू येईल इतकं स्पष्ट. आठवड्याने उत्तर आलं: ओलाव्यामुळे होणारा बदल वॉरंटीत येत नाही. मी विचारलं, तोंडाने फुंकायची वस्तू ओली न होता वापरायची कशी? त्यावर दुसऱ्या माणसाचं उत्तर आलं, त्यात नळी सुकवून ठेवण्याच्या सूचना होत्या, ज्या माहितीपत्रकात आधीच छापलेल्या आहेत. तिसऱ्याने नवी रीड सुचवली: आठ डॉलर, शिवाय पोस्टेज माझं. तीन नगांचा संच पन्नासच्या आत, म्हणजे नळी साधारण सोळा-सतरा डॉलरची. तिच्या निम्म्या किमतीत तिची रीड? मी नकार दिला. पैसे फार नव्हते, पण ज्याचा दोष त्याने भरावा.

तोवर हंगाम चालू होता, म्हणून तोडगा शोधला. बदकाचे कॉल वाजवणारे एक युक्ती करतात: एक डॉलरची नोट दुमडून रीडखाली सरकवायची आणि हळूच बाहेर ओढायची. नोटेचा कागद ओलावा आणि कचरा दोन्ही घेऊन येतो, तंतू मागे सोडत नाही. दर दोन हाकांनंतर हे केलं तर शेपूट जातं. शिवाय नळी जॅकेटच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवायची, म्हणजे वाफ कमी धरते. आणि आठ सुरांची पूर्ण हाक सोडून फक्त शेवटचे दोन सूर काढायचे. हे तिसरं मी नळी चांगली असती तरी केलं असतं. लांब हाक ऐकायला सुंदर, पण कामाला छोटी बरी. आणि नर आपणहून ओरडत असतील तर नळी खिशातच राहू द्यावी, ऐकत राहावं.

सूर्य वर आला की घुबडाचा उपयोग ओसरतो, मग कावळा. या कॉलबद्दल सुरुवातीला माझं मत वाईट होतं. आवाज चिरका, लाकूड हलकं, घशाला ताण. एप्रिलच्या अखेरीस जी नोंद लिहून ठेवली तिच्यात मी त्याला दोन तारे दिले होते. आता चार देते, आणि ते का ते सांगते.

मे महिन्याचा पहिला आठवडा, ओकची पानं पूर्ण फुटलेली, साडेदहा वाजून गेलेले. पानं आली की आवाज जंगलात मुरतो, पहाटे मैलभर ऐकू येणारा गॉबल चारशे यार्डांवरून जेमतेम येतो. मी धारेच्या टोकाला जाऊन कावळ्याचे तीन तुटके 'काव' काढले. दुसऱ्या आणि तिसऱ्या 'काव'च्या मधल्या फटीत गॉबल आला. मधल्या फटीत! मीच फुंकत होते आणि मलाच स्पष्ट ऐकू आला, कारण या कॉलचा आवाज कापल्यासारखा तुटतो. नवऱ्याने हात त्या दिशेला रोखला तो रोखूनच ठेवला, मी होकायंत्रात कोन बघितला, आणि आम्ही धारेच्या मागच्या अंगाने निघालो. वाटेत थांबून एकदाच कावळा काढला, उत्तर जवळून आलं. पांढऱ्या ओकला पाठ लावून बसले, मादीचा हलका आवाज काढला. वीसेक मिनिटं काहीच नाही. मग आधी पालापाचोळ्यात पावलांची चाहूल, आणि मग झुडपांच्या वर निळं-पांढरं डोकं. तीस यार्डांच्या आत आल्यावर मी बार काढला. दोन वर्षांचा नर, पायाचा काटा (त्यावरून वयाचा अंदाज येतो) इंचाला कमी. परमिटवर तिथल्या तिथे खूण केली, संध्याकाळी टेलिचेकवर, म्हणजे राज्याच्या शिकार-नोंदणी सेवेवर, नोंद झाली. छातीच्या मांसाचे कटलेट, आणि तंगड्यांना चार तास मंद आचेवर ठेवून पांढरा रस्सा. रानटी टर्कीच्या तंगड्या घाईत शिजत नाहीत.

चिरकेपणा हा त्या कॉलचा दोष नाही, गुण आहे. एक तारा मात्र कापते, कारण खरे कावळे गोळा होतात आणि मग तुमच्या डोक्यावर इतका गोंधळ घालतात की ऐकणं अशक्य.

मोराच्या कॉलला मी खेळणं समजत होते. अमेरिकेतल्या ओकच्या जंगलात मोर कुठला? पण टर्कीला ते कळायची गरजच नाही, तिला उंच पट्टीतला अनपेक्षित आवाज पुरतो. माझं बालपण शिरूर तालुक्यातलं, मोराची चिंचोली हाकेच्या अंतरावर, त्यामुळे पावसाळ्याच्या तोंडावर मोर कसा टाहो फोडतो ते माझ्या कानात पक्कं आहे. हा कॉल पहिल्यांदा वाजवला आणि मी चकित झाले: तोच ताणलेला, वर चढून तुटणारा आवाज. प्लास्टिकच्या चिमुकल्या तुकड्यातून इतका खरा! भारतात मोर पूर्ण संरक्षित आहे आणि तसाच राहावा, पण त्याची हाक इथे परक्या जंगलात कामाला येते याचा मला मनापासून आनंद झाला. घुबड आणि कावळा ऐकून विटलेले नर हंगामाच्या शेवटच्या आठवड्यात या हाकेला दोनदा बोलले. शेपूट शून्य. पाच तारे, हातचं काही न राखता.

संचातल्या बाकी गोष्टी थोडक्यात. दोरीची खोबण उथळ आहे, कॉल निसटतो, आणि तिन्हींना पानांचा कॅमो, म्हणजे आजूबाजूला मिसळून जाणारा, रंग दिला आहे, म्हणजे पाचोळ्यात पडले की शोधत बसा. मी पिवळी चिकटपट्टी गुंडाळली. लाल, पांढरी किंवा निळी पट्टी लावू नका: हे नराच्या डोक्याचे रंग, आणि सरकारी जंगलात दुसरा शिकारी त्यावर नेम धरू शकतो. त्याच कारणासाठी गॉबलची नक्कल करणारा कॉल मी सरकारी जमिनीवर नेत नाही. समोरून घुबडाचं उत्तर आलं तर ते घुबडच आहे असं धरून चालू नका. आम्हाला एकदा उत्तर देत देत जो समोर आला तो दाढीवाला गृहस्थ होता, त्याच्याही हातात नळीच होती.

मोबाईलवर घुबड वाजवू का, असं मला दोघांनी विचारलं. मिझुरीत टर्कीच्या शिकारीला इलेक्ट्रॉनिक कॉल चालत नाही. फुंकूनच काढावा लागतो, म्हणूनच रीडचा एवढा प्रश्न.

नळी सुटी घेत असाल तर मुखाचा भाग उघडून रीड बाहेर काढता येते का, एवढं आधी विचारा. काढता येत नसेल तर घेऊ नका.

ताजी भर: वरचं लिहून झाल्यावर कंपनीच्या चौथ्या माणसाचा फोन आला, ध्वनिमुद्रणं त्याने स्वतः ऐकली होती. नवी रीड पोस्टेजसकट फुकट आली, आधीच्यापेक्षा थोडी जाड. ओली करून बघितली, शेपूट निम्म्यावर आलं आहे. घुबडाच्या नळीला सध्या दोन तारे. ऑगस्टच्या उकाड्यात वाफ धरत नाही, त्यामुळे एप्रिलच्या पहाटे पुन्हा तपासल्याशिवाय तिसरा देणार नाही.