फाँटेन्स डीसी: आधी डॉग्रेल ऐकू की स्किंटी फिया?

नावातलं डीसी म्हणजे डब्लिन सिटी, त्यामुळे शहर बाजूला ठेवून हा आयरिश बँड ऐकताच येत नाही. २०१९ चा डॉग्रेल अल्बम म्हणजे पोरं अजून डब्लिनमध्येच आहेत, बेस धडाधड वाजतोय, गायक ग्रियन चॅटन गातो कमी आणि तिथल्या रांगड्या उच्चारात बोलतो जास्त, आणि बॉईज इन द बेटर लँड या गाण्यातला तो इंग्रजांवर खार खाऊन असलेला टॅक्सीवाला तर अस्सल नग आहे राव!

२०२२ चा स्किंटी फिया येईपर्यंत मंडळी लंडनला गेलेली. प्रोड्युसर तोच, डॅन कॅरी, पण आवाज गडद, संथ, जरा घुसमटलेला. पहिलंच गाणं आयरिश भाषेतल्या ओळीवरचं, कारण इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत एका आयरिश कुटुंबाला आईच्या थडग्यावर ती ओळ नुसती आयरिशमध्ये कोरायला चर्चच्या कोर्टाने आधी नकार दिला होता (२०२१ मध्ये अपिलात परवानगी मिळाली). आय लव्ह यू नाव वाचून प्रेमगीत समजू नका, ते आयर्लंडवरच प्रेम आणि चीड दोन्ही ओततं.

यूकेत नंबर वन स्किंटी फिया झाला, आणि मलाही तोच जास्त पोचतो. पण नवीन असाल तर डॉग्रेलच लावा आधी, आणि आवाज मोठा ठेवा.