वीस क्लबांचा पास, सहा क्लबांचा पडदा

इंग्लंडच्या प्रीमियर लीगचे सामने मोबाईलवर आणि टीव्हीवर दाखवणाऱ्या एका सेवेचा हंगामी पास मी ऑगस्ट २०२३ मध्ये पहिल्यांदा घेतला आणि पुढच्या वर्षी त्याचे नूतनीकरणही केले. यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्यापासून बारा किलोमीटरवरच्या आमच्या गावात फुटबॉल पाहणारे जेमतेम दहा-बारा जण आहेत. त्यातले निम्मे माझ्या शाळेतले, आठवी-नववीचे विद्यार्थी असून शनिवारी रात्री जेवण आटोपले की ते आमच्या ओसरीवर येऊन बसतात. ही सेवा घ्यावी की नाही, असे या दोन वर्षांत तालुक्यातल्या तीन-चार शिक्षकमित्रांनी विचारले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

तांत्रिक बाजूबद्दल फारशी तक्रार नाही. गावात नेटवर्कची एकच काडी असली तरी चित्र खालच्या दर्जाचे करून सामना चालू राहतो, आणि दिवसाच्या दीड जीबी डेटात एक सामना निभावतो. लोडशेडिंगच्या आठवड्यात टीव्ही बंद पडला, तेव्हा अख्खा सामना आम्ही गव्हाच्या कोठीला टेकवून ठेवलेल्या मोबाईलवर पाहिला. मराठी समालोचन नाही. हिंदी आहे, परंतु ते केवळ मोठ्या सामन्यांना. माझा खरा आक्षेप या शेवटच्या वाक्यापासूनच सुरू होतो.

लीगमध्ये क्लब वीस आणि हंगामात सामने ३८० असतात, आणि पास विकताना या सेवेने आकडाही तोच सांगितला होता. प्रत्यक्षात ॲप उघडले की समोर मँचेस्टरचे दोन, लंडनचे तीन आणि लिव्हरपूल एवढेच क्लब दिसतात. आमच्या ओसरीवरच्या मुलांनी मात्र पहिल्या वर्षी ल्युटन टाऊन हा क्लब आपला मानला होता. या क्लबाच्या केनिलवर्थ रोड मैदानाचे एक प्रवेशद्वार चाळीसारख्या घरांच्या ओळीत आहे आणि प्रेक्षक लोकांच्या परसदारावरून गेलेल्या लोखंडी जिन्याने आत जातात, हे चित्र त्यांनी पाहिले आणि तिथेच निवड पक्की झाली. ल्युटनचा सामना शोधण्यासाठी ॲपच्या तळाशी ‘इतर सामने’ या कोपऱ्यात जावे लागे. एका शनिवारी तोही सापडेना, तेव्हा नववीतला एक मुलगा म्हणाला, “सर, ल्युटनची मॅच तं दिसूनच नाही राह्यली. आपण पैसे तं सगळ्याईचे भरले ना?”

त्याचा प्रश्न वाटला त्यापेक्षा अचूक होता. आपण सेवेला पैसे देतो, सेवा लीगला परदेशी प्रक्षेपण हक्कांचे पैसे देते आणि लीग ते क्लबांना वाटते. त्या हंगामातील नियमानुसार इंग्लंडमधील प्रक्षेपणाच्या उत्पन्नापैकी निम्मा भाग वीसही क्लबांना समान मिळे, पाव भाग तक्त्यातील स्थानानुसार, आणि उरलेला पाव भाग कोणाचे किती सामने तिथे थेट दाखवले गेले त्यावरून. परदेशातून येणारे पैसे मात्र २०१८-१९ पर्यंत पूर्णपणे समान वाटले जात. त्यानंतर मोठ्या क्लबांच्या आग्रहामुळे, वाढीव रक्कम स्थानानुसार द्यायची असे ठरले. तरीही पहिल्या आणि शेवटच्या क्लबाच्या एकूण वाट्याचे प्रमाण १.८ ला १ याच्या पुढे जाऊ नये अशी मर्यादा घातली गेली. २०२३-२४ मध्ये अव्वल आलेल्या मँचेस्टर सिटीला सुमारे साडेसतरा कोटी पौंड मिळाले आणि तळाच्या शेफील्ड युनायटेडला सुमारे अकरा कोटी. म्हणजे आमच्या ओसरीवरून निघालेल्या पैशात ल्युटनचा हिस्सा जवळपास मोठ्यांच्या बरोबरीचा होता. ज्या क्लबाला लीग पंगतीत बसवते, त्याला या सेवेने मात्र ओट्याखाली बसवले आहे.

लीग वीसही क्लबांचे हक्क एकत्र विकते. कापूस पिकवणाऱ्या भागात अशी एकत्रित विक्री म्हणजे काय हे कोणाला वेगळे सांगावे लागत नाही. १९७२ मध्ये सुरू झालेली कापूस एकाधिकार खरेदी योजना आमच्या वडिलांच्या पिढीने पूर्ण अनुभवली आहे: सगळ्यांचा माल एका ठिकाणी, प्रतवारीप्रमाणे भाव आणि मग चुकाऱ्याची वाट पाहणे. बाहेर भाव चढला की कापसाच्या गाड्या रात्री चोरून राज्याच्या सीमेपलीकडच्या आदिलाबादच्या रस्त्याला लागत, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. स्पेनमध्ये २०१५ पर्यंत प्रत्येक क्लब आपले प्रक्षेपण हक्क स्वतंत्रपणे विकत असे. त्यात रेआल माद्रिद आणि बार्सिलोना प्रत्येकी सुमारे चौदा कोटी युरो घेत, आणि लहान क्लबाने व्यापारी म्हणेल तो भाव स्वीकारावा अशी स्थिती होती. एप्रिल २०१५ मध्ये सरकारने अध्यादेश काढून एकत्रित विक्री सक्तीची केली. पहिल्या श्रेणीच्या वाट्यापैकी निम्मा समान द्यायचा, तसेच एकूण रकमेचा दहावा हिस्सा दुसऱ्या श्रेणीला द्यायचा, असेही ठरवून दिले. सुमारे सत्तावीस हजार वस्तीच्या एइबार या गावाचा क्लब २०१४ ते २०२१ अशी सलग सात वर्षे पहिल्या श्रेणीत राहिला, त्याला या वाटपाचा मोठा आधार होता. आदिलाबादचा रस्ता इकडेही आहेच. एप्रिल २०२१ मध्ये बारा श्रीमंत क्लबांनी स्वतंत्र सुपर लीगची घोषणा केली होती, आणि त्यात इंग्लंडचे सहा होते, ॲपच्या पहिल्या पानावर असतात तेच. प्रेक्षकांच्या संतापामुळे त्यातल्या बहुतेक गाड्या दोन-तीन दिवसांत परत फिरल्या.

या सेवेची एक गोष्ट मात्र मनापासून आवडली, आणि तिचे श्रेय सेवेला नसून इंग्लंडच्या जुन्या नियमाला आहे. तिथे शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळेत कोणताही सामना टीव्हीवर थेट दाखवता येत नाही. बर्नली क्लबाचे अध्यक्ष बॉब लॉर्ड यांनी १९६० च्या दशकात हा आग्रह धरला होता, कारण मोठ्यांचा सामना घरबसल्या दिसला तर लहान क्लबाच्या मैदानावर तिकीट काढून कोण येणार, अशी त्यांना भीती होती. हा नियम तिथल्यापुरताच आहे. त्यामुळे दुपारी तीनला सुरू होणारा ल्युटनचा सामना ल्युटनच्या माणसाला घरच्या टीव्हीवर दिसत नसे आणि आम्हाला मात्र रात्री साडेसातला, हिवाळ्यात साडेआठला, तुरीच्या शेंगा सोलता सोलता दिसे. मुलांना याचा फार अभिमान वाटे.

आता दुसऱ्या वर्षीचा अनुभव. मे २०२४ मध्ये ल्युटन २६ गुणांसह अठराव्या स्थानावर, म्हणजे शेवटच्या तिघांत राहिला आणि खालच्या श्रेणीत गेला. आदल्या वर्षी त्याच्यासोबत खालच्या श्रेणीतून वर आलेले बर्नली आणि शेफील्ड युनायटेडही गेले. या सेवेच्या पासात खालच्या श्रेणीचे सामने नाहीत, हे मी नूतनीकरणाचे पैसे भरल्यानंतर कळले, आणि ग्राहक-मदतीला पाठवलेल्या संदेशाला आलेले उत्तर ‘आमची सेवा निवडल्याबद्दल धन्यवाद’ एवढेच होते. पासाच्या जाहिरातीत हे ठळकपणे लिहायला हवे होते.

वाटपातील खरा कडाही इथेच आहे. वीस क्लबांमधली दरी १.८ पटींत बांधलेली आहे, परंतु विसाव्या आणि एकविसाव्या क्लबामधली दरी तशी बांधलेली नाही. खालच्या श्रेणीतल्या सामान्य क्लबाला प्रीमियर लीगकडून एकजूट निधी म्हणून सुमारे पन्नास लाख पौंड येतात, तर नुकत्याच घसरलेल्या क्लबाला ‘पॅराशूट’ म्हणून पहिल्या वर्षी समान वाट्याच्या ५५ टक्के, म्हणजे साडेचार कोटी पौंडांहून अधिक. दुसऱ्या वर्षी हा भाग ४५ टक्के आणि तिसऱ्या वर्षी २० टक्के असतो. वर येऊन एकाच हंगामात पुन्हा खाली गेलेल्याला तिसरे वर्ष मिळत नाही. ल्युटन त्यातच मोडतो. पॅराशूट असलेले आणि नसलेले एकाच मैदानात उतरतात, त्यामुळे नसलेले त्यांची बरोबरी करण्यासाठी ऐपतीबाहेर खर्च करतात. आमच्याकडे शेजाऱ्याने ट्रॅक्टर घेतला म्हणून सोसायटीच्या कर्जात बुडालेली घरे मी पाहिली आहेत, त्यामुळे हा भाग मुलांना समजावताना उदाहरण शोधावे लागले नाही. अर्थात पॅराशूट असूनही ल्युटन मे २०२५ मध्ये आणखी एक पायरी खाली गेला, तेव्हा पैशाचे गणित सगळेच सांगते असेही नाही.

पाचशे रुपयांच्या आत वर्षभराचा फुटबॉल हा भाव महाग नाही आणि ज्यांना मोठे सहाच क्लब पाहायचे आहेत त्यांनी हा पास निःशंक घ्यावा. मी पाचपैकी तीन तारे देतो. ॲपच्या पहिल्या पानावर वीसही क्लबांची चिन्हे एका आकारात लावली तर चौथा देईन. तिसऱ्या वर्षी पास घ्यायचा की नाही यावर ओसरीवर मतदान झाले, आणि सुंदरलँड हा क्लब वर आला आहे या एकाच कारणावर तो घ्यायचे ठरले. ल्युटनचा निकाल नववीतला तो मुलगा, जो आता अकरावीत आहे, रविवारी सकाळी मोबाईलवर वाचून सांगतो.