भरती-ओहोटीच्या टर्बाइनची चाचणी: कालवा की तलाव?

समुद्रापासून इतक्या दूर, मराठवाड्यातील एखाद्या महाविद्यालयात बसून भरती-ओहोटीच्या टर्बाइनची छोटी प्रतिकृती तपासायची असेल, तर व्यवहारात दोनच वाटा उरतात. आवर्तन सुटलेल्या कालव्यात ती बांधून ठेवायची, किंवा तलावाच्या संथ पाण्यात बोटीने न्यायची. मी दोन्ही करून पाहिले आहे.

कालव्याचे आकर्षण उघड आहे. पाणी आपणहून वाहते, उपकरणे काठावर राहतात आणि चक्र तासन्‌तास फिरत ठेवता येते. तळाशी कमी आणि वर जास्त असा वेगातील फरक, तसेच भोवरे, हे सारे समुद्रातल्यासारखेच मिळते. अर्थात पाणी शेतकऱ्यांच्या पाळीसाठी सुटते, आपल्या वेळापत्रकासाठी नव्हे. शिवाय अरुंद छेदात पाण्याला चक्राला वळसा घालून जाण्यास पुरेशी जागा मिळत नसल्याने शक्ती प्रत्यक्षाहून अधिक दिसते. त्याची दुरुस्ती गणिताने करता येते.

माझा निर्णय मात्र शेवाळाने केला. पात्यांना अडकलेले शेवाळ दिसते आणि काढता येते, परंतु पाण्याचा वेग मोजणाऱ्या वेगमापकाच्या बारीक पंख्याला गुंडाळलेला धागा दिसत नाही; पंखा फिरत राहतो, फक्त थोडा हळू. प्रवाहातील शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात असल्यामुळे वेग १० टक्के कमी नोंदला गेला, तर उपलब्ध शक्तीच कमी धरली जाते आणि ३५ टक्के कार्यक्षमतेचे टर्बाइन कागदावर ४८ टक्के दाखवते. हा आकडा बेट्झच्या ५९.३ टक्के मर्यादेच्या, म्हणजे मोकळ्या प्रवाहातून टर्बाइनला काढता येणाऱ्या शक्तीच्या सैद्धांतिक कमाल वाट्याच्या, आतच असल्याने कोणाला शंकाही येत नाही, आणि पंखा पुसून येईपर्यंत पुढचा धागा येतच असतो. ध्वनिलहरींवर चालणारा वेगमापक हाताशी असेल त्याला हा त्रास कदाचित जाणवणार नाही. माझ्याकडे तो नव्हता.

तलावात हा प्रश्न बराचसा मिटतो, कारण पाणी स्थिर आणि वेग आपला असतो. जीपीएसवर वेग नोंदवावा, एकाच रेषेत जाऊन-येऊन सरासरी घ्यावी, म्हणजे वाऱ्याने सरकणाऱ्या पाण्याचा परिणाम बहुतांशी निघून जातो. चक्र बोटीच्या मागे न ओढता पुढे बांधलेले बरे, अन्यथा बोटीच्या पंख्याने ढवळलेले पाणी त्यावर येते. फेऱ्या आखूड होतात आणि प्रत्येक वळणानंतर पाणी शांत होण्याची वाट पाहावी लागते, हे खरे. जायकवाडी धरणाच्या नाथसागर जलाशयाचा मोह होतो, पण तो पक्षी अभयारण्य आहे आणि तेथे वाऱ्याने लाटाही उठतात. परवानगी मिळालेला लहान तलाव, पावसाळ्यानंतर भरलेला असताना आणि सकाळच्या वेळी, अधिक सोयीचा ठरतो.

संथ पाण्यातील निकाल खऱ्या भरतीच्या प्रवाहापेक्षा उजवे येऊ शकतात, हे नाकारता येणार नाही. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवरील युरोपियन मरीन एनर्जी सेंटरसारख्या केंद्रात पूर्ण आकाराची टर्बाइन खुल्या समुद्रात तपासली जातात, ती उगाच नव्हे. पात्यांवरील धक्के आणि थकवा हाच अभ्यासाचा विषय असेल, तर कालवाच घ्यावा. पण प्रश्न एका आराखड्याची दुसऱ्याशी तुलना करण्याचा असेल, तर दोन्ही आराखड्यांना तोच वेग पुन्हा देता आला पाहिजे. माझ्या अनुभवात ते तलावातच जमले, आणि नवी प्रतिकृतीही मी तिथेच नेणार आहे.