पन्नास हजारांच्या आतला लॅपटॉप: आधी स्क्रीन तपासावी

भाचीला नांदेडला अभियांत्रिकीसाठी प्रवेश मिळाला, तेव्हा लातूरच्या बाजारातून एका नामांकित कंपनीचा १५.६ इंची लॅपटॉप पन्नास हजारांच्या आत घेतला. काही महिन्यांच्या वापरानंतर माझे मत असे आहे की हे यंत्र आतून दमदार असून स्क्रीन मात्र जेमतेम कामापुरती आहे. डब्यावरच्या लेबलवरून यातले फारसे काही कळत नाही. ते दुकानातच, यंत्र चालू करून पाहावे लागते.

लेबलवरील ‘फुल एचडी’ या शब्दांतून स्क्रीनवर आडवे १९२० आणि उभे १०८० पिक्सेल आहेत, एवढीच माहिती मिळते. स्वस्त आणि जुन्या मॉडेलांत १३६६ बाय ७६८ची स्क्रीनही आढळते. १५.६ इंचांच्या आकारात त्या स्क्रीनवर दर इंचाला सुमारे १००, तर फुल एचडीवर सुमारे १४१ पिक्सेल येतात. इंग्रजी वाचताना हा फरक एक वेळ खपून जातो. देवनागरीत मात्र ‘राष्ट्रीय’मधला ष्ट्र किंवा ‘सर्वांत’मधला रफार आणि अनुस्वार लहान अक्षरांत एकमेकांत मिसळू लागतात. म्हणून पेनड्राइव्हवर एखादी दाट छपाईची मराठी पीडीएफ नेऊन ती दुकानातल्या दोन यंत्रांवर एकाच आकारात उघडून पाहणे, ही माझ्या मते सर्वांत खात्रीची परीक्षा आहे. आमच्या लॅपटॉपने ती व्यवस्थित पार केली.

रिझोल्यूशन, म्हणजे पिक्सेलची संख्या, चांगले म्हणून पॅनेल, म्हणजे चित्र दाखवणारा स्क्रीनचा भागही चांगला, असे मात्र नसते. पॅनेल टीएन या स्वस्त प्रकारचे असेल, तर झाकण थोडे मागे झुकवताच चित्र फिके पडते किंवा रंग उलटल्यासारखे दिसतात. आयपीएस या दुसऱ्या प्रकारच्या पॅनेलमध्ये बाजूने पाहिले तरी रंग बहुतांशी टिकून राहतात. आमचे पॅनेल आयपीएस आहे, पण त्याची चमक २५० निट्स (चमक मोजायचे एकक) आणि रंगक्षमता ४५ टक्के एनटीएससी आहे, म्हणजे एनटीएससी या प्रमाण रंगपट्ट्याच्या ४५ टक्के. हे दोन आकडे लेबलवर नव्हते, ते कंपनीच्या संकेतस्थळावरील तपशीलपत्रात शोधावे लागले. ट्यूबलाइटच्या उजेडात अशी स्क्रीन छान वाटते. तीच दाराजवळ, लातूरच्या भर दुपारच्या उजेडात नेली की चमक पूर्ण वाढवूनही मजकूर मंद दिसतो, आणि छायाचित्रातला लाल रंग विटकरीकडे झुकतो. प्रोग्रामिंग, वाचन आणि प्रकल्प-अहवाल एवढ्यासाठी ती पुरते. ज्यांना फोटो किंवा लग्नपत्रिकांचे डिझाइन करायचे आहे, त्यांनी ३०० निट्सच्या खाली जाऊ नये आणि शंभर टक्के एसआरजीबीचा (संगणकावरच्या प्रमाण रंगपट्ट्याचा) आग्रह धरावा. ‘फुल एचडी आहे सर, डोळे झाकून घ्या,’ असे विक्रेता म्हणाला होता. स्क्रीनच्या बाबतीत याहून विचित्र सल्ला ऐकलेला नाही.

हार्डवेअरमध्ये आमची निवड इंटेलच्या कोअर आय५-१२३५यू या प्रोसेसरवर स्थिरावली. त्यात दोन वेगवान आणि आठ वीज वाचवणारे असे दहा कोअर आहेत, आणि महाविद्यालयीन कामाला ते भरपूर झाले. शेजारी एएमडीचा रायझन ५ ७५२०यू प्रोसेसर असलेले यंत्र स्वस्त होते व त्याचा ७०००च्या मालिकेतला क्रमांक नवा भासत होता. पण त्या क्रमांकातील तिसरा अंक २ आहे, म्हणजे आतली रचना एएमडीच्या झेन २ या जुन्या पिढीची, २०१९ साली आलेली. शिवाय या प्रोसेसरसोबत येणारी रॅम मदरबोर्डवर पक्की बसवलेली असते, त्यामुळे विकत घेताना जेवढी असेल तेवढ्यावरच पुढची वर्षे काढावी लागतात.

रॅमची चौकशी म्हणूनच कसून करावी. विंडोजमधल्या टास्क मॅनेजरच्या मेमरी भागात रॅमचे किती स्लॉट (खाचा) वापरात आहेत हे बहुतेक वेळा दिसते. तरी पक्क्या बसवलेल्या रॅममुळे त्या आकड्याचा घोळ होऊ शकतो, म्हणून मॉडेलचे तपशीलपत्र पाहिलेले बरे. आमच्या यंत्रात ८ जीबी पक्की होती आणि एक स्लॉट रिकामा होता. साठवणूक ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी (वेगवान प्रकारची डिस्क) आहे, ती पुढे बदलता येते. स्क्रीन बदलणे त्या मानाने महाग आणि कटकटीचे. खर्चाचा तोल ठरवताना मी प्रोसेसरपेक्षा तिला वरचे स्थान देतो ते यासाठीच.

बांधणीबद्दल थोडक्यात: बिजागऱ्या घट्ट आहेत, झाकण एका हाताने उघडत नाही, कीबोर्ड मधोमध दाबल्यावर किंचित लवतो. पंखा मात्र एप्रिल-मेमध्ये सतत ऐकू येतो. बाहेर पारा चाळिशीपार गेल्यावर कूलरच्या खोलीतही तळाची हवा कोंडू नये म्हणून यंत्र गादीवर न ठेवता टेबलावरच ठेवावे लागते.

दुसरी ८ जीबी रॅम खरेदीच्या वेळीच दुकानातून बसवून घेतली. त्यामुळे रॅम आणि प्रोसेसर यांच्यातले दोन्ही मार्ग (चॅनेल) वापरात येऊन प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सचा वेगही वाढला. तिचा सिरीयल क्रमांक बिलावर लिहून घेतला आणि बाहेरची रॅम बसवल्याने मूळ वॉरंटीला बाध येत नाही, हे कंपनीच्या ग्राहक सेवेकडून ईमेलवर कळवून घेतले.