४ शाफ्टचा ३६ इंची माग, ठाण्यातल्या २ बीएचकेमध्ये : साडेतीन स्टार

साडेतीन स्टार देतेय आणि ते पण लाकूड चांगलं आहे म्हणून. दीड स्टार कापला तो "एका दिवसात सेटअप" असं जाहिरातीत लिहिलंय त्याच्यासाठी. एका दिवसात फक्त खोकी उघडून होतात.

तर झालं असं की नणंदेला मुलगी झाली, ती असते ऐरोलीला, आणि तिला रॅप हवा होता, म्हणजे बाळाला छातीशी बांधून घ्यायचं ते लांबलचक कापड. हाताने विणलेल्याची किंमत बघून ती गप्प बसली आणि मी उगाच बोलून गेले की मी विणते. टेबलावरच्या छोट्या मागावर दोन वर्षं स्टोल-मफलर विणतेय ना, तेवढ्यावर आलेला माज. सासूबाई म्हणाल्या त्यात काय एवढं, आम्ही जुन्या लुगड्याची झोळी बांधायचो. खरंय, पण झोळी आढ्याला टांगायची असते, अंगावर तासभर बाळ बांधलं की पातळ साडीची दोरी होते आणि खांद्यात रुतते. रॅपला जाडसर आणि ट्विल विणीचं कापड लागतं, ती तिरकी रेघ दिसते बघा जीन्सच्या कापडात, तसं. ट्विल तिरक्या दिशेला जरासं ताणलं जातं आणि उभं-आडवं फारसं हलत नाही, म्हणून बाळाच्या पाठीला नीट बसतं आणि सैल पडत नाही. मला हव्या त्या ट्विलसाठी चार शाफ्ट, म्हणजे उभे धागे वर-खाली करणाऱ्या चौकटी, लागतात, माझ्याकडे होते दोन. म्हणून हा माग.

कुणाकडून घेतला ते लिहीत नाही, फोनवर माणसं बरी बोलतात, उगाच कशाला. दोन खोकी आली, लिफ्टमध्ये एक तिरकं करून बसलं, दुसरं नवऱ्याने आणि वॉचमनने जिन्याने आणलं. सागवान आहे, पॉलिश बरं, सांधे घट्ट. मॅन्युअल म्हणजे दोन पानं आणि एक चित्र, तेही दुसऱ्याच मॉडेलचं असावं कारण त्यात चार पायडल होते आणि माझ्याकडे सहा आलेत. नटबोल्ट दोन कमी, ते जांभळी नाक्यावर मिळाले. रोलरवर चालणारा माग आहे, दोन शाफ्ट खाली ओढले की दोन आपोआप वर जातात. दोन वर दोन खाली अशा ट्विलला हा प्रकार मस्त, धाग्यांमधली वाट मोठी आणि स्वच्छ उघडते. पण एक शाफ्ट खाली आणि तीन वर असलं काही विणायचं असेल तर नका घेऊ, वाट नीट उघडत नाही.

आता खरी गोष्ट. माझे सासरे, अण्णा, इचलकरंजीचे. आयुष्यभर पॉवरलूमच्या धंद्यात वहिफणीचं काम केलं, म्हणजे ताण्याचा (उभ्या धाग्यांचा) एकेक धागा वहीच्या, म्हणजे शाफ्टवरच्या दोरीच्या, डोळ्यातून आणि मग फणीतून, म्हणजे कंगव्यासारख्या पट्टीतून ओढून घ्यायचा. रिटायर होऊन आमच्याकडे आले तेव्हापासून सकाळी गार्डनला चकरा आणि संध्याकाळी बातम्या. मी माग जोडत होते तेव्हा खुर्ची ओढून नुसते बघत होते, बोलत काहीच नव्हते.

मी हिशोब केला होता तो असा. धागा २/८ चा कॉटन (हा जाडीचा नंबर), इंचाला २४ उभे धागे, फणीत रुंदी ३१ इंच, म्हणजे ७४४ धागे. लांबीला रॅप हवा साडेचार मीटरच्या आसपास, हा नेहमीचा साइज, जास्त करून सगळ्यांना होतो. पण ताणा लावायचा ६ मीटर, कारण शेवटचं पाऊण-एक मीटर मागातच अडकतं आणि विणता येत नाही, शिवाय विणताना धागा वळसे घेतो त्यात थोडं जातं आणि धुतल्यावर आटतं ते वेगळंच. ७४४ गुणिले ६ म्हणजे जवळजवळ साडेचार किलोमीटर धागा, साधारण ६६० ग्रॅम, फक्त उभा. 

फणी वेगळी घ्यायची होती कारण मागाबरोबर आलेली भलतीच बारीक होती. परदेशी व्हिडिओत सगळे बारा-बारा म्हणतात, इंचाला बारा घरं म्हणजे फटी, प्रत्येक घरात दोन धागे, झाले २४. म्हणून मी भिवंडीला गेले आणि ठसक्यात "१२ नंबरची द्या" म्हटलं, त्याने दिली. घरी आणून अण्णांसमोर धरली तर म्हणाले, "सूनबाई, हिच्यातनं कोंबडी जाईल की." आपल्याकडे फणीचा नंबर म्हणजे दोन इंचातली घरं! १२ नंबर म्हणजे इंचाला सहाच. मला हवी होती २४ नंबर. एका घरात दोन धागे घेतले की नंबर आणि इंचातले धागे सारखेच येतात, इतकं सोपं आहे, पण हे ना मॅन्युअलमध्ये होतं ना विकणाऱ्याने सांगितलं. परत भिवंडी, घोडबंदरचं ट्रॅफिक, अर्धा दिवस गेला.

मग वह्या मोजल्या. मागाबरोबर आल्या ४००, म्हणजे शाफ्टला शंभर. मला शाफ्टला १८६ हव्यात. कस्टमर केअरवाली म्हणते मॅडम, जास्तीच्या वह्या ऑप्शनल आहेत. अगं ३६ इंची माग विकता आणि अर्ध्या रुंदीच्या वह्या देता? गाडी विकून दोन चाकं ऑप्शनल म्हणण्यासारखं आहे हे. यायला पंधरा दिवस लागणार होते. अण्णांनी एका फळीवर चार खिळे ठोकले आणि बातम्या बघत बघत दोऱ्याच्या वह्या बांधायला घेतल्या, मधे डोळा, वर-खाली फास, सगळ्या एका मापाच्या. आठवड्यात साडेतीनशे. वय ७१.

ताणा मी भिंतीवर खुंट्या लावून काढला, एका टोकाला धागे आठाच्या आकड्यात फिरवून, म्हणजे क्रम मोडत नाही. ही आठाची फुली सुटली तर सगळं संपलं, तिथे आधी दोरी बांधा, मगच चहा प्या. बीमवर, म्हणजे मागाच्या मागच्या रुळावर, गुंडाळताना मधे मधे जाड कागद घाला नाहीतर वरचे धागे खालच्यांत रुततात आणि ताण कमी-जास्त होतो. रॅपमध्ये ताण सारखा नसेल तर एक कड लांब आणि एक आखूड अशी होते आणि बांधताना ती लांब कड सतत सैल राहते, आणि सैल कड म्हणजे बाळ घसरणं, म्हणून इथे आळस करू नका.

धागे वही-फणीतून ओढायला तीन संध्याकाळी लागल्या. अण्णा मागच्या बाजूला बसून धागा पुढे करणार, मी पुढून हूक घालून ओढणार, शाफ्टच्या क्रमाने एक दोन तीन चार, एक दोन तीन चार. दोन माणसांचंच काम आहे हे, एकटीने केलं असतं तर दुप्पट वेळ आणि मान गेली असती. ते धागा बघतसुद्धा नव्हते, बोटांनाच कळतं त्यांच्या. दुसऱ्या दिवशी मी चारशेच्या पुढे कुठेतरी होते आणि ते अचानक म्हणाले, "थांब, मगाशी दोन-तीन उलटं घेतलंस." मी म्हटलं नाही हो अण्णा. मोजलं तर खरंच, वीसेक धागे मागे. ते तसंच राहिलं असतं तर साडेचार मीटर कापडभर एक वेडी रेघ आली असती. त्यानंतर मी वाद घातला नाही.

विणणं त्यामानाने सोपं. रोज दोन तास धरून तीन आठवडे. हत्त्याचा, म्हणजे आडवा धागा ठोकायच्या दांड्याचा, आवाज होतो, खालच्या मजल्यावरच्या काकूंनी चौथ्या दिवशी विचारलं की मसाला कांडता का, मग पायांखाली जाड रबर मॅट घातली आणि रात्री आठनंतर बंद. जुलैच्या दमट हवेत पायडलच्या दोऱ्या सैल पडायच्या, आठवड्यातून एकदा परत बांधल्या. पण मी एसी लावला की धागे तुटायचे, तो बंद ठेवला की नाही. अण्णा म्हणाले कापसाला ओल मानवते, कोरड्या हवेत तो कडक होतो. म्हणजे घाम गाळत विणायचं. ब्रेकचे दात मोठे आहेत, एक दात पुढे घेतला की ताण एकदम वाढतो, ही या मागातली माझी खरी तक्रार, बाकी सगळं सुधारता येतं.

मागावरून उतरलं तेव्हा ४ मीटर ९५, गरम पाण्यात मशीनला धुतल्यावर साडेचार. बाळ कापड चोखणारच, म्हणून ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून रंग जातो का ते बघितलं, आणि उजेडासमोर धरून सगळं कापड तपासलं, सुटलेला धागा आहे का. नणंदेला देताना पण बजावलं, बाळाचा चेहरा कायम दिसला पाहिजे, हनुवटी छातीला टेकता कामा नये, गुडघे कमरेपेक्षा वर. ती म्हणाली माहितीये गं. अण्णांनी नातीला बांधलेलं बघितलं, कापडाची कड दोन बोटांत धरून चोळली आणि म्हणाले, "चाललं."

घ्यावा का? जागा असेल आणि मदतीला कुणी असेल तर हो. ऑर्डर देण्याआधी वह्या किती येणार ते मात्र लिहून मागा. आणि माझ्याकडे १२ नंबरची एक कोरी फणी पडून आहे, कुणाला जाड सतरंजी विणायची असेल तर मानपाड्याहून घेऊन जा, पैसे नकोत.