खोक्यातून आलेल्या फर्निचरची घरगुती डागडुजी: एक पावसाळा उलटून गेल्यावर

आमच्याकडे खोक्यातून येऊन घरीच जोडलेलं बरंच सामान आहे. तीन दारांचं कपाट, मुलीचं अभ्यासाचं टेबल, बुटांचं कपाट आणि टीव्हीखालचं युनिट. सगळं १६ आणि १८ मिमीच्या प्रीलॅम (म्हणजे वर छापील कागद बसवूनच येणाऱ्या) पार्टिकल बोर्डाचं, फक्त टेबलाचा माथा २५ मिमीचा. मागच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत यातल्या बारीकसारीक मोडतोडीची दुरुस्ती मी घरीच केली. दुरुस्ती केल्याकेल्या काढलेले फोटो सगळेच छान येतात, म्हणून तेव्हा काही लिहिलं नव्हतं. आता मधे पुण्याचा एक पावसाळा आणि हिवाळाही जाऊन झाला. काय टिकलं आणि काय नाही, ते सांगते.

सुरुवातीला ओळखीच्या मिस्त्रींना बोलावलं होतं. त्यांनी कपाटाचं दार दोनदा उघडून-मिटून पाहिलं आणि म्हणाले, "ताई, हा भुसा आहे. याला स्क्रू धरत नाही. प्लायचं नवीन करून घ्या." भुसा आहे हे त्यांचं खरं. 'इंजिनिअर्ड वूड' या भारदस्त नावाखाली आत लाकडाच्या चिपा असतात, युरिया फॉर्माल्डिहाइडच्या रेझिनने चिकटवून दाबलेल्या. वरचं अक्रोडाचं किंवा सागाचं दिसणारं रूप म्हणजे मेलामाइनमध्ये भिजवून गरम दाबाखाली बसवलेला छापील कागद. एवढं डोक्यात पक्कं असलं की निम्मे घोटाळे टळतात. या कागदावर पॉलिश पेपर अजिबात चालवायचा नाही. "आधी हलकंसं घासून घ्या" असं व्हिडिओत सांगणारी मंडळी बहुतेक वेळा अस्सल लाकडाबद्दल बोलत असतात. इथे घासलं की डिझाइन जातं आणि खालचा पिवळट भुसा वर येतो, तो पुन्हा काही झाकला जात नाही.

सगळ्यांत जास्त दुखणं बिजागऱ्यांचं. कपाटाच्या उंच दाराची वरची ऑटो हिंज, म्हणजे दार आपोआप ओढून मिटणारी बिजागरी, बाजूच्या फळीतून उपटून आली होती आणि स्क्रूची दोन्ही भोकं ढिली पडली होती. घरोघरचा उपाय म्हणजे भोकात फेव्हिकॉल आणि टूथपिक ठोसायच्या, रात्रभर वाळू द्यायचं आणि स्क्रू परत पिळायचा. मी तो बुटांच्या कपाटाला आणि मोठ्या कपाटाला, दोन्हीकडे केला. बुटांच्या कपाटाची छोटी दारं आजही घट्ट आहेत. मोठ्या कपाटाचं दार मात्र गणपतीच्या आसपास पुन्हा लोंबायला लागलं. कारण सरळ आहे. टूथपिक भोकात पक्क्या बसतात, पण भोकाभोवतीची चिपांची भिंतच पोकळ झालेली असते. वजन आलं की टूथपिकांसकट तेवढा गोळा बाहेर येतो.

तिथे शेवटी बिजागरीची दुरुस्ती पट्टी बसवली आणि या सगळ्या उपद्व्यापात पैसे सर्वांत सत्कारणी लागले ते तिच्यावर. ही स्टीलची पातळ पट्टी असते. मोडक्या भोकांवरून ती लावायची, तिचे स्क्रू आजूबाजूच्या धड जागेत जातात आणि बिजागरी पट्टीवर बसते. मला पुण्याच्या बोहरी आळीत, हार्डवेअरच्या बाजारात मिळाली, ऑनलाइनही मिळते. लावताना दाराखाली जुनी पुस्तकं रचून दाराचं वजन पेलून धरा, मगच स्क्रू काढा, नाहीतर खालच्या बिजागरीचाही बळी जातो. १६ मिमीच्या फळीला १३ मिमीचेच स्क्रू घ्या. १९ चे दिले तर टोक पलीकडून डोकावेल. पट्टीच्या जाडीमुळे दार किंचित सरकतं, ते बिजागरीवरच्या ॲडजस्टिंग स्क्रूने जुळवून घेता येतं.

ज्या भोकात अजून थोडीफार पकड आहे, तिथे आधी हे करून पाहा. स्क्रू भोकात टेकवून हाताने उलटा फिरवत राहा. एका ठिकाणी तो हलकासा 'टक्' करून खाली बसतो, तिथेच त्याचे जुने आटे सापडलेले असतात. तिथून सुलटा पिळा, म्हणजे तो जुन्याच वाटेने आत जातो. नुसता दाबून पिळलात तर तो नवी वाट कातरतो आणि भोक आणखी मोठं होतं. ड्रिल मशिनने तर मुळीच पिळू नका. शेवटचा पाव फेरा हातालाच कळतो.

मिनीफिक्सचा (दोन फळ्या काटकोनात जोडणारी, बोल्ट आणि फिरवून आवळायची चकती अशी जोडी) बोल्ट उपटून आला असेल तर टूथपिकांच्या भानगडीत पडू नका. टीव्ही युनिटला भोक ८ मिमीचं करून घेतलं आणि फेव्हिकॉल लावून लाकडी खुंटी ठोकली. जोडणीच्या वेळी उरलेल्या खुंट्या असतात त्याच. एक दिवस वाळू दिली, खुंटीचं वर आलेलं टोक कापून पृष्ठभागाला समतल केलं आणि तिच्या मधोमध ५ मिमीचं नवं भोक पाडलं. बोल्ट आता भुशाऐवजी लाकडाला धरतो. आयकियासारख्यांच्या जोडणीच्या पुस्तिकेत प्रत्येक स्क्रू-खुंटीजवळ सहा आकडी नंबर छापलेला असतो. तो नंबर सांगितला की नेमका तोच भाग मागता येतो, त्यामुळे ती पुस्तिका रद्दीत घालू नका. माझं कपाट ज्या ऑनलाइन कंपनीचं आहे तिच्या कागदावर नंबरच नव्हते. जिना चढताना हमालांनी कोपरा आपटला, त्याची तक्रार 'बघतो' वरच संपली.

त्या आपटलेल्या कोपऱ्याला एम-सील लावलं. राखाडी आणि पांढरा भाग सारखा घेऊन एकजीव मळायचा. त्याआधी कोपऱ्याचा सुटा भुसा टूथब्रशने झाडला आणि भुसभुशीत राहिलेल्या जागेत फेव्हिक्विकचे थेंब जिरवले. त्याने चिपा टणक होतात, पण धूर डोळ्यांना झोंबतो, तेव्हा खिडकी उघडी ठेवा. मग दोन बाजूंना सेलोटेप ताणून कोपऱ्याचा साचा केला आणि एम-सील किंचित वर येईल इतकं भरलं. दुसऱ्या दिवशी कानशीने उतरवून घेतलं. इथे कानस चालते, कारण ती एम-सीलवर फिरते, कागदावर नाही. कोपरा दगडासारखा झालाय. रंग मात्र राखाडीच, त्यावर ॲक्रिलिक रंगाचे दोन हात द्यावे लागले आणि जवळून पाहिलं तर कळतंच. भुसा आणि फेव्हिकॉल कालवून भरायची जुनी युक्ती मी टेबलाच्या खालच्या बाजूला करून पाहिली. वाळल्यावर ती आकसली आणि काळपट पडली. न दिसणाऱ्या जागी ठीक.

मेणाच्या रंगीत कांड्या आणि टचअप मार्करचा एकत्र सेट तीन-चारशे रुपयांना मिळतो. जाहिरातीत त्याने सगळं 'गायब' होतं. उभ्या पृष्ठभागावर मेण खरंच चांगलं टिकतं. कपाटाच्या दारावरचा ओरखडा आता मलाच शोधावा लागतो. आधी फिकी कांडी भरायची, जुन्या प्लास्टिक कार्डने सपाट करायची आणि गडद कांडीने लाकडाच्या रेषा ओढायच्या. आडव्या पृष्ठभागावर मात्र पैसे फुकट. मुलगी चहाचा कप नेमका तिथेच ठेवते. मेण मऊ झालं, धूळ बसली आणि आता तिथे पूर्वीच्या ओरखड्यापेक्षा ठळक काळी रेघ आहे. मार्करचंही तसंच. कागद फाटून चिपा उघड्या पडल्या असतील तिथे शाई शोषली जाते आणि राहते, पण अंदाजापेक्षा गडद होते, म्हणून एक छटा फिकी घ्या. नुसत्या चकचकीत पृष्ठभागावरची शाई फडक्याबरोबर पुसून जाते.

फळ्यांच्या कापलेल्या कडा झाकणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांचं काम सोपं आहे आणि त्याचं समाधानही मोठं. बुटांच्या कपाटाची पातळ पट्टी सुटली होती, पण मागचा कारखान्यातला गोंद शाबूत होता. बटर पेपर ठेवून मध्यम गरम इस्त्री क्षणभर फिरवली आणि कापडात गुंडाळलेल्या लाकडी ठोकळ्याने गार होईपर्यंत दाबून धरली. पीव्हीसीच्या पट्टीला थेट इस्त्री टेकवली तर ती आकसते. टेबलाच्या पुढच्या कडेला, जिथे मनगट टेकतं, पट्टी २ मिमीची आहे. तिच्यातून उष्णता पार होत नाही. तिथे फेव्हिकॉलचा एसआर हा रबरी प्रकार दोन्ही बाजूंना लावला, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबले आणि मग दाबलं. दोन्ही पट्ट्या पावसाळ्यात जराही हलल्या नाहीत. नवी पट्टी घ्यायला जाताना फोनवरचा फोटो नेऊ नका, रंग जुळवायला ड्रॉवरचा दर्शनी भागच सोडवून न्या. १८ मिमीच्या फळीला २२ मिमीची पट्टी लागते. जास्तीची कड कानशीने काढताना कानस नेहमी फळीच्या दिशेने, म्हणजे पट्टी दाबली जाईल अशी चालवा. उलटी चालवली की पट्टी उचलली जाते.

पाण्याने फुगलेल्या बोर्डावर इलाज नाही, हे आधीच मान्य करा. दाबून बसवलेल्या चिपा ओल लागली की सुटून फुलतात आणि वाळल्यावर परत बसत नाहीत. आमच्याकडे पाऊस खिडकीतून आलाच नाही, नुकसान केलं ते रोजच्या फरशी पुसण्याने. कपाटाच्या बाजूच्या फळ्या थेट फरशीवर टेकलेल्या आणि त्यांच्या तळाच्या कडेला पट्टीच नव्हती. दिसत नाही तिथे कंपन्या पट्टी वाचवतात. कपाट रिकामं करून आडवं पाडलं, फुगलेला ओठ पटाशीने तासला, उघड्या कडांना पाण्याला टिकणाऱ्या फेव्हिकॉल मरीनचे दोन हात दिले आणि खाली प्लास्टिकचे पाय ठोकले. फुगवटा आहे तेवढाच राहिला, वाढला नाही. सामान नवीन असतानाच हे करून घेतलं तर बाकीच्या निम्म्या दुरुस्त्यांची वेळच येणार नाही.

कपाट आडवं होतं तेव्हाच पाठीचा ३ मिमीचा हार्डबोर्ड पाहून घेतला. त्याचे बारीक खिळे निम्मे सुटले होते. कपाट डुगडुगतं, दारं एका रेषेत येत नाहीत, तेव्हा लोक बिजागऱ्या पिळत बसतात. खरी गोम बऱ्याचदा या पाठीत असते, कारण चौकट काटकोनात धरून ठेवते ती पाठच. दोरीने दोन्ही कर्ण मोजायचे आणि सारखे येईपर्यंत चौकट ढकलायची. मग खिळ्यांऐवजी वॉशर घालून छोटे स्क्रू लावायचे. तिसरं दार बिजागरीला हातही न लावता सरळ झालं.

राहिलंय ते टेबलाच्या ड्रॉवरचं. त्याचा तळ पुस्तकांच्या वजनाने मधोमध खाली आलाय. एम-सील, मेण, पट्टी यातलं काहीच तिथे चालण्यासारखं नाही. खोबणीत बसेल असा ४ मिमी प्लायचा तुकडा टिंबर मार्केटमधून मापाने कापून आणायचाय, परीक्षा संपून ड्रॉवर रिकामा झाला की.