नदीबंदीला हरकत घेण्याआधी: पाण्याचं तापमान मोजणाऱ्या चार साधनांचा आढावा

उन्हाळ्यात नदी आटली, पाणी तापलं की गळाच्या मासेमारीवर बंदीचा प्रस्ताव येतो आणि हौशी मासेमार विरोधाला उभे राहतात. त्यांचं एक म्हणणं अगदी रास्त आहे: सकाळी पाणी गार असताना आणि वरच्या सावलीच्या पट्ट्यात बंदी कशासाठी? पण सुनावणीत हे नुसतं तोंडी सांगून भागत नाही. कुठल्या जागी, किती वाजता, किती अंश, हे दाखवावं लागतं. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात ट्राउटच्या, म्हणजे गार पाण्यात राहणाऱ्या माशाच्या, नद्यांसाठी अशीच तोड आहे. सलग ३ दिवस पाणी ७३ अंश फॅरनहाइटला, म्हणजे सुमारे २२.८ सेल्सिअसला पोचलं, की दुपारी २ ते मध्यरात्र मासेमारी बंद ठेवता येते. सकाळ खुली राहते. असा नियम मागायचा तर मोजमाप पक्कं हवं.

सुरुवात धातूच्या नळीतल्या काचेच्या थर्मामीटरने करावी. याला बॅटरी लागत नाही, नळीमुळे तो खिशात टिकतो आणि पाण्यात २ मिनिटं धरला की भरवशाचा आकडा देतो. वाचताना मात्र फुगा, म्हणजे थर्मामीटरच्या टोकाचा द्रवाने भरलेला भाग, पाण्यातच राहू द्यावा. बाहेर काढून वाचला तर वारा आणि ऊन लगेच आकडा हलवतात. याचा मोठा दोष म्हणजे उन्हात तापलेल्या गाडीत राहिला की आतला लाल द्रव तुटतो. मध्ये पोकळी पडते, वरचा तुकडा पुढे सरकतो आणि थर्मामीटर खऱ्यापेक्षा जास्त तापमान दाखवतो. बंदीला विरोध करणाऱ्याने बंदीच्याच बाजूचा खोटा पुरावा गोळा करावा, असं होतं. बर्फ-मिठात उभा धरून सगळा द्रव फुग्यात उतरू दिला की बहुतेक वेळा तो पुन्हा सांधतो.

सळईवाला डिजिटल थर्मामीटर झटपट चालतो, पण नदीकाठी त्यावर पूर्ण विसंबू नये. बॅटरीच्या झाकणातून पाणी शिरतं आणि आकडा मध्येच अडकतो किंवा भरकटतो. झाकणाची रबरी कडी नीट बसलेली आहे का, हे प्रत्येक वेळी बघावं. सेल्सिअस-फॅरनहाइटचं बटण बाहेरच असेल तर ते चुकून दाबलं जातं, म्हणून नोंदीत एकक लिहिलंच पाहिजे.

लांबून रोखून मोजणारी इन्फ्रारेड बंदूक या कामाला घेऊच नये. ती पाण्याचा फक्त वरचा पापुद्रा मोजते, त्यात आकाशाचं प्रतिबिंब मिसळतं. निरभ्र आकाशाखाली आकडा खऱ्यापेक्षा कमी येऊ शकतो आणि तापलेल्या पाण्यात गळ टाकायला खोटा धीर मिळतो.

खरं काम करतो तो डेटा लॉगर. काडेपेटीएवढा सीलबंद डबा, नदीत बुडवून ठेवला की दर १५ किंवा ३० मिनिटांनी नोंद घेतो. हातात रात्रंदिवसाचा आलेख येतो. पहाटे पाणी सगळ्यात गार, संध्याकाळकडे सगळ्यात गरम, आणि या दोहोंमध्ये किती तास सुरक्षित आहेत ते त्यात स्पष्ट दिसतं. सकाळच्या परवानगीची मागणी याच आलेखावर उभी राहते. बसवताना भोकं पाडलेल्या पांढऱ्या पीव्हीसी पाइपमध्ये ठेवावा, नाहीतर ऊन थेट लॉगरलाच तापवतं. पाइप स्टीलच्या तारेने जड दगडाला बांधावा आणि वाहत्या, ढवळलेल्या पाण्यात ठेवावा. काठाच्या साचलेल्या पाण्यात आकडा फुगतो, झऱ्याच्या तोंडाशी उगाच गार दिसतो. पाणी उतरून लॉगर उघडा पडला तर आलेखात दिवस-रात्रीचा फरक अचानक प्रचंड वाढतो. तो भाग स्वतःहून काढून टाकावा. समोरच्याने तो शोधला तर बाकीच्या नोंदींवरचाही विश्वास जातो. बसवण्याआधी नदीचा ताबा ज्यांच्याकडे असेल त्यांची परवानगी घ्यावी.

कुठलंही साधन वापरात आणण्याआधी बर्फात तपासावं. ठेचलेला बर्फ भांडंभर, फटी भरतील एवढंच पाणी, ढवळून ३-४ मिनिटं थांबायचं. शून्य यायला हवं. अर्धा अंश जास्त आला तर तेवढी दुरुस्ती तारखेसह लिहून ठेवायची. हरकतीच्या अर्जाला ही नोंद जोडली की आकड्यांना वजन येतं.

आता हे आकडे वाचायचे कसे. समुद्रसपाटीला १० अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात दर लिटरला ११.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, २० अंशाला ९.१, २५ अंशाला ८.३. पाणी तापलं की मासा जास्त प्राणवायू मागतो आणि नेमका तेव्हाच तो कमी असतो. गळाला लागून दमलेला ट्राउट २० अंशाच्या वर सोडून दिला तरी सावरेलच असं नाही. तेव्हा आपल्याच थर्मामीटरने २० दाखवले तर बंदी असो वा नसो, दांडी गुंडाळावी. कार्प मात्र याहून बरंच गरम पाणी सोसतो. ट्राउटचा आकडा उचलून कार्पच्या नदीला लावला असेल, तर त्या प्रस्तावाला जरूर विरोध करावा.

पण विणीच्या हंगामातली बंदी किंवा मासेच मोजके उरल्यामुळे घातलेली बंदी तापमानावर बेतलेली नसते. नदीतळाच्या वाळू-खडीत अंडी असताना गार पाण्यातूनही चालत गेलं तर ती चिरडतात. तिथे हा आलेख पुढे करू नये. हरकत घ्यायचीच असेल तर बंदीच्या तारखा आणि नदीचा पट्टा यांवर घ्यावी.